डाव किती अवघड, चूक किती महाग?

२०१२ साली आलेल्या 'एक्सकॉम: एनिमी अननोन' या गेममध्ये अगदी सुरुवातीच्या मोहिमांत सेक्टॉइड नावाचा परग्रहवासी भेटतो. अंगाने किडकिडीत, डोकं मोठं. नॉर्मल लेव्हलवर त्याचा जीव ३ एचपीचा (एचपी म्हणजे हिट पॉइंट, जीव मोजायचं माप). आपल्या सैनिकाकडचा साधा ग्रेनेड बरोबर ३ एचपी घेतो, आणि गोळी चुकते तसा तो चुकत नाही. सैनिक कितीही नवखा असो, सेक्टॉइड गाडीमागे दडलेला असो, ग्रेनेड पोचला की विषय संपला. आता तोच गेम इम्पॉसिबल लेव्हलवर लावा. सेक्टॉइड तोच, गाडी तीच, ग्रेनेडही तोच. फक्त सेक्टॉइडचा जीव ३ ऐवजी ४ एचपीचा झालेला असतो.

फरक एका आकड्याचा. पण त्या एका आकड्याने तुमच्या हातातली एकमेव खात्रीची गोष्ट काढून घेतलेली असते. आधी एका सैनिकाने मिटवलेलं काम आता दोघांना करावं लागतं, आणि दुसऱ्याची गोळी चुकू शकते. ती चुकली की सेक्टॉइड उलट गोळी झाडतो, आपला माणूस जखमी होतो किंवा जातो, बाकीचे घाबरतात, आणि तिथून सगळी मोहीम वेगळ्याच वाटेला लागते.

डिफिकल्टी म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं की मी या सेक्टॉइडपासून सुरुवात करते. कारण बहुतेकांच्या मनात तिचं चित्र पंख्याच्या रेग्युलेटरसारखं असतं: एकवर हळू, पाचवर जोरात. टॅक्टिकल आरपीजीमध्ये ती तशी चालत नाही. तिथे इझी, नॉर्मल, हार्ड या एका बटणामागे निदान पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी हलतात. त्यातली कोणती हलली यावर खेळ खोल होतो की नुसता लांबतो, हे ठरतं.

ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टॅक्टिकल आरपीजी (रोल-प्लेइंग गेम) म्हणजे चौकटींचा पट, दोन बाजू आणि आळीपाळीने चाली. इथपर्यंत बुद्धिबळच. फरक असा, की बुद्धिबळातलं प्यादं मेलं तरी पुढच्या डावात ते पुन्हा आपल्या घरात उभं असतं. इथे प्याद्याला नाव असतं, चेहरा असतो, त्याची एक गोष्ट असते. तुम्ही त्याला वीस-पंचवीस तास वाढवलेलं असतं, त्याच्यासाठी चांगली तलवार राखून ठेवलेली असते. तो गेला तर पुढच्या डावातही तो नसतो, निदान मूळ कल्पना तरी तशीच होती.

म्हणून या गेम्समध्ये दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. डाव किती अवघड आहे, हा एक. आणि चूक झाली तर ती किती महाग पडते, हा दुसरा. डिफिकल्टीच्या बहुतेक भांडणांचं मूळ हे दोन प्रश्न एकत्र गुंडाळण्यात आहे, असं माझं इतक्या वर्षांच्या खेळण्यानंतरचं स्पष्ट मत आहे.

वजाबाकीचा खेळ

आधी अवघडपणा पाहू. जपानमध्ये १९९० साली सुरू झालेल्या 'फायर एम्ब्लेम' मालिकेचं गणित चौथीतल्या मुलालाही जमेल इतकं सोपं आहे: हल्ला वजा बचाव. माझ्या योद्ध्याचा हल्ला १४, शत्रूचा बचाव ९, तर नुकसान ५. शत्रूचा जीव २० असेल तर चार घावांत तो पडतो.

आता हार्ड लेव्हलवर शत्रूचा बचाव फक्त ३ने वाढला असं धरा. ९चे १२ झाले. कानाला हे किरकोळ वाटतं. पण १४ वजा १२ म्हणजे २, आणि २०चा जीव संपवायला आता दहा घाव लागतात. चारचे दहा! उलट बाजूनेही तसंच. शत्रूचा हल्ला १२ आणि माझा बचाव ९ असेल तर मला ३चा फटका बसतो. शत्रूचा हल्ला १५ झाला की फटका ६चा, म्हणजे थेट दुप्पट. वजाबाकीवर उभ्या असलेल्या गेममध्ये छोटा आकडा मोठी उलथापालथ करतो, कारण उरलेली बाकीच मुळात लहान असते.

त्यात वेगाचा उंबरठा. गेमबॉय अॅडव्हान्स या हातात धरायच्या कन्सोलवरच्या भागांत तुमचा वेग समोरच्यापेक्षा ४ किंवा जास्त असेल तर तुम्ही एका फेरीत दोनदा मारता. ३ने जास्त असेल तर एकदाच. हार्ड लेव्हलने शत्रूला दोन-तीन गुण वेग दिला, की काल दोनदा मारणारा तुमचा घोडेस्वार आज एकदाच मारतो. आणखी थोडा वेग दिला, की शत्रूच तुम्हाला दोनदा मारायला लागतो. सेक्टॉइडच्या चौथ्या एचपीसारखंच हे आहे: आकडा हळूहळू वाढतो, पण परिणाम पायरीवरून धाडकन खाली उतरतो. अनुभवी खेळाडू हार्डवर गेल्यावर सगळ्यात आधी या पायऱ्या शोधतात. कुणाचा वेग कुठे कमी पडतोय, किती नुकसान केलं की शत्रू एका फेरीत पडतो. बाकीचं नंतर.

फासे टाकणाऱ्या गेम्सचं गणित याहून वेगळं. 'बाल्डर्स गेट ३' हा २०२३चा गेम डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकून खेळायच्या खेळाच्या नियमांवर चालतो. तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपला बोनस मिळवायचा आणि समोरच्याच्या चिलखताच्या आकड्याशी बरोबरी करायची. चिलखत १५ आणि आपला बोनस ५ असेल तर फाशावर १० किंवा वर पडायला हवं, म्हणजे ५५ टक्के शक्यता. फाशावरचा प्रत्येक गुण ५ टक्क्यांचा. टॅक्टिशियन या वरच्या लेव्हलवर शत्रूंना मारताना २चा बोनस मिळतो, म्हणजे साधारण १० टक्के जास्त फटके बसतात. शिवाय त्यांचा जीव ३० टक्क्यांनी वाढतो. ही वाढ ठळक आहे, पण वजाबाकीच्या गेमसारखी पायरीवरून ढकलून देणारी नाही.

याच गेममधला एक बदल मला फार आवडतो. पात्रांनी रात्री मुक्काम करून पूर्ण ताजंतवानं व्हायचं तर शिधा लागतो. मधल्या बॅलन्स्ड लेव्हलवर एका मुक्कामाला ४० शिधा, टॅक्टिशियनवर ८०. तलवारीला हात न लावता गेमने लढाई अवघड केली. आता प्रत्येक चकमकीत वाटतं, हा मोठा मंत्र आत्ता वापरू की पुढच्या खोलीसाठी ठेवू? घरातल्या किराण्यासारखा हिशोब डोक्यात सुरू होतो. शत्रूचा जीव नुसता वाढवला तर तीच मारामारी दोन फेऱ्या जास्त चालते. शिधा दुप्पट केला तर विचार करण्याची पद्धत बदलते. डिफिकल्टी चांगली बांधली आहे का, हे ओळखायची माझी खूण हीच: वरच्या लेव्हलवर मला नवा प्रश्न पडतो का, की जुन्याच प्रश्नाला जास्त वेळ लागतो?

नव्वद टक्के म्हणजे किती?

माझा भाचा एकदा माझ्या शेजारी बसून असाच एक गेम खेळत होता. नेम ९० टक्के दाखवत होता, गोळी चुकली. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीच काहीतरी केलं. "मावशी, नव्वद होतं ना?"

नव्वद होतं. पण नव्वद टक्क्यांच्या दहा गोळ्या ओळीने लागण्याची शक्यता फक्त ३५ टक्के असते. म्हणजे दहा गोळ्यांत निदान एक चुकणं हीच जास्त संभवणारी गोष्ट आहे. गणित हे सांगतं, मन मात्र ऐकत नाही. मनाला नव्वद म्हणजे 'लागणारच' वाटतं, आणि दहा म्हणजे 'शक्यच नाही'.

गेम बनवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे, आणि इथे डिफिकल्टीचा एक दडलेला भाग सुरू होतो. 'फायर एम्ब्लेम'ने २००२च्या भागापासून एक युक्ती केली. नेम लागला का हे ठरवायला ० ते ९९मधला एक आकडा काढण्याऐवजी गेम दोन आकडे काढतो आणि त्यांची सरासरी घेतो. दोन आकड्यांची सरासरी मधल्या भागात जास्त वेळा येते, टोकांना क्वचित. त्यामुळे पडद्यावर ९० दिसत असलं तरी प्रत्यक्षात नेम ९८.१ टक्के वेळा लागतो. ८० दिसलं तर ९२.२ टक्के. आणि उलट बाजूला, शत्रूचा नेम २० टक्के दिसत असला तर तो खरं म्हणजे ८.२ टक्केच असतो. बरोबर मध्ये, ५० टक्क्यांना, फरक जवळजवळ नसतोच.

याचा फायदा कुणाला? जो खेळाडू विचार करून चांगल्या जागी उभा राहतो, त्याचे नेम सहसा ७०च्या वर आणि शत्रूचे ३०च्या खाली असतात. म्हणजे ही युक्ती नीट खेळणाऱ्याला अधिक खात्री देते आणि नशिबावर विसंबणाऱ्याला फारसं काही देत नाही. मला ही रचना मनापासून सुंदर वाटते. आकडा खरा नाही हे मान्य. पण माणसाला नव्वद ऐकल्यावर जे वाटतं, त्याच्याशी ती प्रामाणिक आहे.

'एक्सकॉम २'ने २०१६ साली दुसरी वाट धरली. खालच्या लेव्हल्सवर गेम गुपचूप मदत करतो: तुमचा खरा नेम दाखवलेल्यापेक्षा बरा असतो, आणि ओळीने गोळ्या चुकल्या तर पुढच्या गोळीला न दिसणारा आधार मिळतो. सगळ्यात वरच्या लेजंड लेव्हलवर ही मदत नाही. म्हणून खालून थेट लेजंडवर गेलेला माणूस म्हणतो, गेम माझ्यावर खार खातोय. नेमाच्या बाबतीत गेमने खरं तर काही वाढवलेलं नसतं, आधी पाठीवर असलेला हात काढून घेतलेला असतो. 'बाल्डर्स गेट ३'मध्येही फाशांची वाईट लकेर तोडणारी सोय आहे, पण ती सेटिंगमध्ये उघड ठेवलेली आहे. हवी तर चालू, नको तर बंद. मला हा उघडपणा जास्त भावतो, विशेषतः मोठ्या माणसांसाठी बनवलेल्या गेममध्ये.

कच्चा लिंबू

आता दुसरा प्रश्न, चुकीच्या किमतीचा.

आपल्याकडे लहानपणी लपाछपी किंवा पकडापकडी खेळताना धाकटं भावंड मध्ये घुसायचं. त्याला नाही म्हणता यायचं नाही, आणि त्याच्यावर राज्य आलं तर खेळ बंद पडायचा. मग सगळे ठरवायचे: हा कच्चा लिंबू. तो धावणार, लपणार, ओरडणार, सगळं करणार. फक्त तो आउट झाला तरी त्याच्यावर राज्य नाही. लक्षात घ्या, त्याच्यासाठी अंगण लहान केलेलं नसायचं, की बाकीचे हळू धावत नसत. खेळ तेवढाच अवघड राहायचा. बदललेली असायची ती फक्त पकडलं जाण्याची किंमत.

हीच गोष्ट गेम्सना कळायला वीस वर्षं लागली. 'फायर एम्ब्लेम'मध्ये सुरुवातीपासून नियम होता, लढाईत पडलेला माणूस कायमचा गेला. मालिकेची ओळखच ती. २०१० साली, फक्त जपानमध्ये निघालेल्या निन्टेन्डो डीएसवरच्या एका भागात पहिल्यांदा कॅज्युअल मोड आला: पडलेला माणूस पुढच्या लढाईत परत येतो. महत्त्वाचं हे, की त्यांनी हा मोड इझी, हार्ड यांच्या रांगेत बसवला नाही. तो वेगळा प्रश्न म्हणून विचारला. शत्रू किती ताकदवान हवेत ते एकदा सांगा, आणि माणसं कायमची जायला हवीत की नकोत ते वेगळं सांगा.

जुने खेळाडू चिडले. पण २०१२ साली 'अवेकनिंग' हा भाग आला तेव्हा मालिकेची अवस्था अशी होती, की खप अडीच लाखांच्या खाली गेला तर ती थांबवायची असं ठरलेलं होतं. 'अवेकनिंग'मध्ये हे दोन वेगळे प्रश्न कायम ठेवले गेले आणि तो भाग जगभर चालला. त्याला कारणं इतरही होती. तरी ज्यांना 'माणसं मरतात' या एकाच गोष्टीची धास्ती होती, त्यांच्यासाठी दार या मोडनेच उघडलं, यात मला शंका नाही. त्यात एक अनपेक्षित जोडीही शक्य झाली: शत्रू लुनॅटिक, म्हणजे सर्वांत क्रूर, आणि मोड कॅज्युअल. ज्यांना कोडं अवघड हवं असतं पण एका चुकीपायी तासाभराची लढाई पुन्हा खेळायची नसते, असे कितीतरी लोक हीच जोडी निवडतात. त्यांना कच्चं म्हणणं चूक आहे. त्यांनी फक्त किंमत कमी केली आहे, कोडं नाही.

२०१५च्या भागात फिनिक्स मोड आला, ज्यात पडलेला माणूस पुढच्याच फेरीला उठतो. तिथे मात्र मला वाटतं रेघ ओलांडली गेली. माणूस पुढच्या फेरीत उठणार असेल तर त्याला वाचवायचा विचारच उरत नाही, आणि पटावरची जागा हा या खेळाचा गाभा आहे. तरी ज्याला फक्त गोष्ट वाचायची आहे त्याने तो खुशाल लावावा. सोय कुणाच्या घरात शिरत नाही.

किंमत दुसऱ्या दिशेनेही वाढवता येते. 'एक्सकॉम'चा आयर्नमॅन पर्याय शत्रूला एकही एचपी जास्त देत नाही. तो फक्त एकच सेव्ह, म्हणजे खेळाची साठवलेली नोंद, ठेवतो आणि प्रत्येक चालीनंतर ती आपोआप पुसून नवी लिहितो. मागे जायची वाट नाही. 'बाल्डर्स गेट ३'मध्ये नोव्हेंबर २०२३मध्ये ऑनर मोड आला, त्यातही सेव्ह एकच. त्यात बॉसना, म्हणजे मोठ्या शत्रूंना, नवे डावपेच दिलेले आहेत, म्हणजे अवघडही आणि महागही. सगळी टोळी मेली की ऑनर संपला. हवं तर पुढे खेळता येतं, पण त्या मोडचा सोनेरी फासा मिळत नाही.

या दोन टोकांच्या मध्ये बहुतेक लोक स्वतःचा मोड स्वतःच बनवतात: चुकलं की जुनी सेव्ह लोड करायची. याला पूर्वी रडीचा डाव म्हणायचे. गेम बनवणाऱ्यांनी मात्र हळूहळू ओळखलं, की लोक हे करणारच, मग ते खेळाच्या आत का आणू नये? २०१० साली पीएसपी या हातातल्या कन्सोलवर नव्याने आलेल्या 'टॅक्टिक्स ओगर'मध्ये चॅरियट नावाची सोय आली, तिने लढाईतल्या ५० चालींपर्यंत मागे जाता येतं. २०१७पासून 'फायर एम्ब्लेम'मध्येही काळ मागे फिरवायची मोजकी संधी मिळते. मोजकी, हे महत्त्वाचं. संधी मोजकी असली की ती कुठे खर्च करायची हाच एक डावपेच होतो. रडीचा डाव तेव्हा रडीचा राहत नाही.

बिगिनरवर खेळणारे सुपरह्युमन

आता एक जुना किस्सा, जो मला या सगळ्या विषयात सर्वांत बोलका वाटतो. मूळ 'एक्सकॉम' १९९४चा, ज्युलियन गॉलप यांनी रचलेला. त्यात पाच लेव्हल होत्या: बिगिनरपासून सुपरह्युमनपर्यंत. त्याच्या डॉस या जुन्या संगणक प्रणालीवरच्या आवृत्तीत एक दोष होता. तुम्ही कोणतीही लेव्हल निवडा, खेळ थोडा पुढे गेला की ती निवड गळून पडायची आणि गेम गुपचूप बिगिनरवर यायचा. पडद्यावर तसं काही दिसत नसे.

त्यामुळे असंख्य लोक सुपरह्युमन समजून बिगिनर खेळत होते. तरबेज लोकांची तक्रार आली, सगळ्यात वरची लेव्हलही सोपी आहे. दोष कुणाच्या लक्षात आला नव्हता. म्हणून १९९५चा पुढचा भाग, 'टेरर फ्रॉम द डीप', आणखी कठीण करण्यात आला. तो इतका कठीण निघाला, की आजही त्याचं नाव घेतल्यावर जुने खेळाडू कानाला हात लावतात.

यातून दोन गोष्टी दिसतात. एक, बिगिनरवरसुद्धा तो गेम अनेकांना पुरेसा अवघड आणि थरारक वाटत होता, कारण तो अवघडपणा आकड्यांत नव्हताच. तो अंधारात होता, दाराआड काय आहे हे माहीत नसण्यात होता. दुसरी, आपण कोणत्या लेव्हलवर आहोत हे खेळाडूला फक्त अनुभवावरून ओळखता येत नाही. लेव्हलचं नाव हा आपल्या अभिमानाचा भाग असतो, मोजमापाचा नव्हे.

चढण सरळ नसते

डिफिकल्टी निवडताना आपण धरून चालतो, की सुरुवात सोपी, शेवट अवघड. या गेम्समध्ये बरेचदा उलटं होतं. सुरुवातीला तुमच्याकडे चार कच्चे सैनिक आणि साध्या बंदुका असतात. जिंकलात तर सैनिक शिकतात, शस्त्रं सुधारतात, आणि प्रत्येक विजय पुढचा विजय सोपा करतो. हरलात तर उलट, चांगली माणसं जातात आणि कच्च्यांना घेऊन आणखी अवघड मोहिमेवर जावं लागतं. पैशाकडे पैसा जातो तसं. म्हणून 'एक्सकॉम'ची वरची लेव्हल पहिल्या दोन महिन्यांत, म्हणजे गेममधल्या महिन्यांत, जिंकली किंवा हरली जाते. 'अवेकनिंग'ची लुनॅटिकही तशीच, पहिले काही अध्याय सर्वांत जीवघेणे.

याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९९७चा 'फायनल फँटसी टॅक्टिक्स'. मूळ गेममध्ये डिफिकल्टीचा पर्यायच नव्हता. तिसऱ्या प्रकरणात रिओव्हानेस किल्ल्यावर ओळीने तीन लढाया आहेत. दुसरीत नायक रामझाला विग्राफ नावाच्या सरदाराशी एकट्याने लढावं लागतं. तोवर तुम्ही सगळी टोळी छान तयार केली असेल आणि रामझाकडे दुर्लक्ष केलं असेल, तर तो दोन-तीन फटक्यांत आडवा होतो. आणि लढायांच्या मध्ये गेम विचारतो, सेव्ह करायचं का? एकाच सेव्हवर हो म्हटलं, की बाहेर पडून तयारी करायचा रस्ता बंद. जिंकायला रामझा अपुरा आणि मागे जायला वाट नाही. कित्येकांनी इथे अख्खा गेम पहिल्यापासून सुरू केला.

आणि त्याच गेमच्या चौथ्या प्रकरणात ओर्लांडो नावाचा म्हातारा सेनापती तुमच्या बाजूला येतो, हातात एक्सकॅलिबर घेऊन. तो इतका बलवान आहे, की त्यानंतरच्या लढाया एकटा उरकू शकतो. डोंगर आणि उतार एकाच गेममध्ये, शेजारी शेजारी. अशा गेमला एक लेव्हल कोणती द्यायची? २०२५ साली त्याची नवी आवृत्ती आली तेव्हा त्यात स्क्वायर, नाइट आणि टॅक्टिशियन अशा तीन लेव्हल दिल्या गेल्या. सोप्या लेव्हलला इझी न म्हणता स्क्वायर म्हटलं हे मला बरं वाटलं. कुणालाही आपल्या कपाळावर 'सोपं' असं लिहून घ्यायला आवडत नाही.

एक अडचण मात्र कोणतंही बटण सोडवत नाही, ती म्हणजे माहितीची. २०१८च्या 'पाथफाइंडर: किंगमेकर'मध्ये सुरुवातीच्याच एका गुहेत कोळ्यांचे थवे अंगावर येतात. थव्याला तलवार लागत नाही, बाण लागत नाही. त्यावर आग फेकावी लागते किंवा भागात पसरणारा मंत्र मारावा लागतो. हा गेम टेबलावरच्या ज्या खेळावर बेतला आहे, त्याचा हा जुना नियम. ज्याला तो माहीत आहे त्याला गुहा किरकोळ. ज्याला नाही तो तलवार चालवत राहतो आणि एकेक गडी पडत जातो. त्याने शत्रूकडून होणारं नुकसान कमी करणारा सेटिंगमधला पट्टा सरकवला तर तो मरेल हळू, पण जिंकायचं कसं हे त्याला तरीही कळणार नाही. त्या गेममध्ये डिफिकल्टीचे इतके बारीक पट्टे आहेत की मोजताना थकायला होतं, आणि तरी नवख्याला सर्वांत जास्त गरज होती ती आगीची कुपी वापर असं वेळेवर सांगणाऱ्या कुणाची तरी.

त्याच वर्षीचा 'इन्टू द ब्रीच' नेमका उलट वागतो. आठ बाय आठचा पट, आणि शत्रू पुढच्या फेरीत कुठे मारणार हे आधीच दाखवलेलं. लपवाछपवी जवळजवळ शून्य. तरी हार्डवर तो घाम काढतो, कारण तिथे पटावर शत्रू जास्त येतात आणि तुमच्या चाली तीनच. सगळं समोर दिसत असून तीन चालींत पाच संकटं टाळायची. तिथे हरल्यावर गेमवर राग येत नाही. चूक कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता येतं.

मग सुरुवात कुठून करावी? मला कुणी विचारलं तर मी दोन प्रश्न वेगळे विचारते. एकच लढाई पुन्हा खेळायचा तुम्हाला कंटाळा येतो का? येत असेल तर किंमत कमी ठेवा: कॅज्युअल लावा, सेव्ह मोकळेपणाने वापरा, काळ मागे फिरवा. आणि कोडं सुटत नसेल तर तुम्हाला मजा येते की जीव नकोसा होतो? मजा येत असेल तर शत्रूची ताकद वाढवा. पहिल्यांदा खेळताना बहुतेकांना नॉर्मल पुरतं, कारण नियम शिकणं हीच तेव्हा खरी डिफिकल्टी असते. आयर्नमॅन किंवा ऑनर पहिल्याच खेळात लावू नका, माहीत नसलेल्या नियमापायी पन्नास तास गमावणं यात शूरपणा काही नाही. आणि लेव्हल मध्येच बदलता येत असेल तर बदला. सुरुवातीला खाली, माणसं तयार झाल्यावर वर. चढण उलटी आहे हे आपण पाहिलंच.

आणि नॉर्मल पूर्ण झाल्यावर एकदा तरी वरची लेव्हल लावून बघा. 'एक्सकॉम'मध्ये मी इम्पॉसिबल लावली तेव्हा सुरुवातीचे दोन-तीन दिवस मी त्या चौथ्या एचपीवर चडफडत होते. ग्रेनेड टाकायचा, सेक्टॉइड एका एचपीवर जिवंत, मग काय उपयोग? नंतर एकदा स्फोटानंतर पट नीट पाहिला. सेक्टॉइड जिवंत होता, पण ज्या भिंतीमागे तो लपला होता ती उरली नव्हती. उघड्यावर उभा होता तो, एका एचपीवर. माझ्या नवख्या सैनिकाचा नेम, जो भिंतीआड चाळीसच्या आसपास अडकायचा, आता ऐंशीच्या वर गेला होता, आणि कोणतीही गोळी पुरे होती. नॉर्मलवर मी चाळीस-एक तास ग्रेनेड वापरला होता, तो फक्त मारायला. भिंत पाडायला तो असतो, हे मला तेव्हा कळलं.